पहाडातले आजोबा

९ जून

प्रिय दादा,

पत्र फाडायचंच असेल तर फाड, पण आधी एवढं वाचून घे. बाबांना ऐकू येईनासं होत चाललंय.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, बारीक, उंच आवाज आधी जातात आणि जाड, खालचे मागाहून. दाराची घंटा गेली. पाखरं गेली. आत्याची बडबड अजून शाबूत आहे, म्हणजे नशीब कुणाचं फुटकं ते तूच ठरव. बोलणं पुढेही कळेल, कानात मशीन लावलं तर. गाण्याचं मात्र काही खरं नाही म्हणाले. हे वर्ष सरेपर्यंत जे ऐकायचं ते ऐकून घ्या म्हणाले. बाबांनी मशीन घेतलं, दुकानात आल्याबरोबर बटणांच्या डब्यात टाकलं, आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाला बटण शोधताना तेच हाताला लागलं म्हणून वर माझ्यावरच चिडले.

तू गेल्यापासून मी तुला लिहिलं नाही, कारण तू लिहिलं नाहीस. आपण तिघंही एकाच गिरणीचं पीठ. बाबा तुझं नाव काढत नाहीत. आत्या काढते, पण देवाचं घ्यावं तसं, कामापुरतं.

दुकान तसंच आहे. पुढे कापायचं टेबल, मागे बाबांचं पायाचं शिलाई मशीन, खिडकीशी प्लेअर आणि त्याच्याजवळ तुझं स्टूल. मापं आता मी घेते, कापणंही माझ्याकडेच. बाबा फक्त विजारींच्या कडा दुमडतात आणि रेकॉर्ड ऐकतात. दुपारचं जेवण झालं की कोपऱ्यातलं ऊन कापडाच्या गठ्ठ्यावर येतं, आत्या भिंतीला टेकते, आणि पहाडातले आजोबा गायला लागतात. तुला आठवतं ना रे? त्या पाकिटावर नुसता डोंगर आणि लाकडी कुंपण. गाणाऱ्याचं नाव वाचून बाई की बाप्या ते आपल्याला काय कळणार! पण आवाज असा खोल, दमलेला, की आपण तिघांनी ठरवूनच टाकलं, हे आजोबा आहेत, पहाडात राहतात, आणि गुडघे दुखत असल्यामुळे हळू गातात. मागे व्हायोलिन असं लांबत जायचं की मला बसल्या जागी झोप लागायची, आणि झोपेतही गाणं चालूच असायचं. ढोल नाही, ताशा नाही, चार तारांची वाद्यं आणि माणसांचे गळे. शब्द कळायचे नाहीत. आत्या शपथेवर सांगायची की तिसरं गाणं हरवलेल्या गाईचं आहे. अजूनही सांगते.

एक सांगते, ते माझ्या मनाला लागलेलं आहे. रेकॉर्डची बाजू संपली की बाबा शिवणीवरची नजर न काढता म्हणायचे, "पालट रे." आणि तू स्टुलावरून उठायचास. आता मी पालटते. पण मला ते कधी "पालट गं" म्हणाले नाहीत. बाजू संपते, सुई शेवटच्या चरात खर्रखर्र करत राहते, ते गप्प बसतात, आणि मग मीच उठते.

तू जाताना म्हणाला होतास, हा प्लेअर चुकीचा आहे हे बाबा कबूल करतील त्या दिवशी मी घरी येईन. ते तर कबूल करायचे नाहीत. पण प्लेअर दुरुस्त झाला तर भांडणाला उरतं काय, असा मी विचार केला. पुढच्या आठवड्यात बाबांना तपासणीला न्यायचं आहे. आत्या त्यांना घेऊन जाईल, बाहेरच गुंतवून ठेवेल, आणि पंखेवाला येऊन प्लेअर बघेल. तोच तो, कोपऱ्यावरचा, पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतो तो. बघू काय होतं ते.

तुझी,
बॉबिन

३० जून

प्रिय दादा,

तुझं खरं निघालं. घे, लेखी देते.

पंखेवाल्याने प्लेअर उघडला, आत टॉर्च मारली, आणि असा हसायला लागला की मला वाटलं आत उंदीर निघाला. तो म्हणाला, ताई, हा प्लेअर परदेशातला आहे. ते परदेशी गिऱ्हाईक देश सोडताना सामान वाटून गेलं, त्यातच बाबांना तो आणि खोकंभर रेकॉर्ड मिळाल्या होत्या ना. सोबत तो जड, गुणगुणणारा ट्रान्सफॉर्मरही दिला होता. तर तो ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब बदलतो, पण विजेचा ठेका बदलत नाही. तिकडची वीज जलद धडधडते, आपली जरा सावकाश. मोटार बिचारी विजेच्या ठेक्यावर फिरते. म्हणून इकडे आल्या दिवसापासून प्लेअर संथच चालतोय. आणि रेकॉर्ड संथ फिरली की नुसतं गाणं लांबत नाही, आवाजही खाली उतरतो.

मोटारीवर एक बारीक पितळी पुली असते, तिच्यावरून पट्टा जातो. त्याने लेथवर जरा जाड पुली करून आणली आणि बसवली. जुनी बारीक पुली माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, बदलायला काही अक्कल लागत नाही, तुम्हालाही जमेल. कौतुक केलं की अपमान केला ते अजून ठरवते आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी नेहमीसारखी सुई ठेवायला सांगितली. ठेवली.

दादा, आजोबा गेले. त्यांच्या जागी एक तरुण मुलगी गायला लागली! खणखणीत, धीट, पाण्याला जाताना मैत्रिणीला हाक मारावी तशी. व्हायोलिन कसलं लांबतंय, ते तर उड्या मारत होतं. आणि ते चामड्याच्या पोटाचं, लांब दांडीचं वाद्य, ज्याचं टुंग... टुंग... आपण पागोळ्यांसारखं ऐकायचो, ते चक्क तव्यावर लाह्या फुटाव्यात तसं वाजत होतं. मागून दोन गडी सूर द्यायला आत यायचे आणि बाजूला व्हायचे, एकाच माईकपाशी उभे असल्यासारखे. हे असे पुढे-मागे होतात हे मला कधी कळलंच नव्हतं. मी कात्री हातात धरून उभीच राहिले. केवढी मजेत होती रे ती माणसं! आपण उगाच इतकी वर्षं त्यांची कीव केली.

आत्या म्हणाली, "गाय सापडली वाटतं."

बाबांचं सांगायचं तर त्यांचा पाय. तुला माहीत आहे, त्यांचा पाय गाण्यावर चालतो, मशीन त्या पायावर आणि शिवण त्या मशीनवर. गाणं पळालं तसा पाय पळाला. कड वाकडी गेली, दोरा तुटला, सुईही मोडली. त्यांनी हात वर केले आणि खिडकीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "ही कोण बाई? आजोबा कुठे गेले?"

मी सगळं सांगितलं. ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे शेजारच्या चपलेच्या दुकानालाही कळलं. त्यांनी ऐकून घेतलं. वाद घातला नाही, हे बघून मला जरा भीतीच वाटली. मोडलेली सुई काढली, नवी घातली, आणि दिवसभर रेकॉर्ड लावायला सांगितली नाही.

तेव्हा दादा, तू बरोबर होतास. असलं संगीत वाजवणाऱ्या वादकांमध्ये तू पहिल्यांदा व्हायोलिन घेऊन बसलास आणि ते हसले, पाण्याखालून वाजवतोयस का म्हणाले, ते तू इथे येऊन सांगितलंस तेव्हा मला नीट समजलं नव्हतं. तारा सैल करून, आजोबांच्या आवाजाला जुळवून, घरच्या वेगाने तू शिकलास. तुझ्या हातांना दुसरा वेगच माहीत नव्हता. बाबा वर म्हणायचे, घाई कसली, टाका धरून चाल. आणि तू प्लेअरकडे बोट दाखवून म्हणालास, हे यंत्र खोटं आहे. तेव्हा त्यांनी म्हणावं, यंत्र खरं आहे, तू उतावळा आहेस? गिऱ्हाइकांसमोर? राग येणारच. मलाही आला असता.

आता यंत्र दुरुस्त झालं. तुझी अट मोडली म्हण किंवा पुरी झाली म्हण. ये आता. आणि येताना व्हायोलिन आण.

तुझी,
बॉबिन

१८ जुलै

प्रिय दादा,

मी शहाणपणा केला आणि तो अंगाशी आला. आगीतून फुफाट्यात.

बाबा रोज दुपारी रेकॉर्ड लावायला सांगत होते. मान हलवत होते, पाय मात्र उचलून बाजूला ठेवत होते. मला वाटलं, नव्या वेगाची सवय होतेय. परवा बाजू अर्ध्यात असताना पट्टा सरकला आणि रेकॉर्ड थांबली. मी मागे वळून बघते तर बाबा मान हलवतच होते. गाणं केव्हाच बंद झालं होतं.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. मग बोलले ते. म्हणाले, ती मुलगी दोन-चार शब्द गाते आणि गायब होते. व्हायोलिनचं तर काहीच पोचत नाही. जाड तार ऐकू येते, बाकी सगळं धुक्यात. मी म्हटलं, मग सांगायचं नाही का? तर म्हणाले, तू एवढी खटपट केलीस.

आता मला सांग, अशा माणसाचं करायचं काय?

डॉक्टरांचं बोलणं मला तेव्हा आठवलं, आणि डोक्यात प्रकाश पडला. उंच आवाज आधी जातात. जुना प्लेअर सगळंच खाली ओढून आणत होता, बाबांचे कान अजून पोचतात तिथपर्यंत. मी तो दुरुस्त करून गाणं त्यांच्या हातून काढून घेतलं. भल्यासाठीच केलं, पण केलं खरं. उठले, पुढ्यातली खडूची डबी उघडली, त्यात जपून ठेवलेली बारीक पुली काढली आणि बसवली. पंखेवाला खोटं बोलत नव्हता, जमतं.

आजोबा परत आले, दादा. तेच, खोल, दमलेले, गुडघे दुखणारे. बाबांचा पाय आपोआप मशीनच्या पायट्यावर गेला. खिडकीतून ऊन येत होतं, आत्याचा डोळा लागला होता, आणि मशीन त्या संथ गाण्यावर पुढे चाललं होतं. मलाही पेंग आली. मला माहीत होतं की तिथे खरं तर एक धीट मुलगी गातेय. तरीही आजोबा खरेच वाटत होते. दोन्ही एकदम खरं असू शकतं का रे? मला झोपेच्या काठावर ते अगदी पटलं होतं, जागी झाल्यावर समजावता येत नाही.

बाजू संपली तेव्हा बाबा बोलले. शिवणीकडेच बघत होते. म्हणाले, "त्याचं बरोबर होतं. यंत्र खोटंच होतं." दोरा कापून म्हणाले, "मी त्याला त्यावर शिकवलं. लोक हसले असतील पोराला."

मी विचारलं, हे त्याला लिहू का. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. कापलेला दोरा बोटाला गुंडाळत बसले. मी त्याचा अर्थ हो असा काढला आणि आता लिहिते आहे.

म्हणजे आपल्याकडे पुन्हा जुनाच, चुकीचा प्लेअर आहे. तुला राग येणार असेल तर इथे येऊन रागाव. पण एक मागणं आहे, मोठ्या भावाकडे हट्टाने मागावं तसं. तू त्या पद्धतीने अजून वाजवू शकतोस का? तारा सैल करून, टाका धरून? तुझ्या हातांनी ती सवय मोडायला किती त्रास काढला असेल, कळतं मला. तरी विचारते, कारण बाबांना आता तेवढंच ऐकू येतं, आणि तसं वाजवणारा साऱ्या जगात तू एकटाच आहेस.

तुझी,
बॉबिन

७ ऑगस्ट

प्रिय दादा,

तुझं पार्सल आलं. पत्र नाही, चिठ्ठी नाही, नुसती एक रेकॉर्ड, कोऱ्या पांढऱ्या पाकिटात. वर तुझ्या अक्षरात एकच शब्द, "घरी". कंजूष कुठला.

पार्सलवरच्या तारखेवरून कळलं की माझं मागचं पत्र तुला मिळायच्या आधीच तू हे पाठवलंस. आपली पत्रं वाटेत एकमेकांच्या बाजूने गेली. तुला वाटलं असणार, घरचा प्लेअर आता बरोबर चालतो. मला हे आधी कुठे सुचायला! बारीक पुलीवरच लावली मी तुझी रेकॉर्ड.

अगोबाई, काय सांगू! पहिला सूर आला आणि दुसरा येईपर्यंत आत्याने विचारलं, "बंद पडलं का?" गाणं ओळखीचं वाटत होतं, आजोबांचंच, पण जणू कुणी मधात बुडवून ठेवलेलं. बाबा मान वाकडी करून ऐकत होते. पाय पुढे-मागे करून बघितला, जमेना. शेवटी व्हायोलिन थांबलं आणि एक माणूस बोलला, अगदी खालच्या, जाड आवाजात, "बाबा, पालटू का?"

आत्या बाबांकडे बघून म्हणाली, "अरे, हा तर तूच बोलतोयस."

आणि खरंच, तो हुबेहूब बाबांचा आवाज होता. तू म्हातारा झालास की असा बोलशील, दादा. आम्ही ते आधीच ऐकून घेतलं.

बाबांना सगळ्यांच्या आधी कळलं. शिंप्याचा हिशेब, वेगाचा नाही पण मापाचा. म्हणाले, "त्याने आधीच सैल शिवलंय. तू आणखी सैल करते आहेस. जाड पुली लाव."

मी लावली. पट्टा दोनदा निसटला. आत्या टॉर्च धरून उभी होती आणि ती चुकीच्या ठिकाणी मारत होती.

सुई ठेवली. आणि दादा, घर आलं! तंतोतंत आपला वेग, आपले उतरलेले सूर. जगातल्या बरोबर चालणाऱ्या प्लेअरवर तू आमचा चुकीचा प्लेअर वाजवून दाखवलास. इतकी वर्षं भांडून, तुझंच खरं ठरल्यावर, तू आमच्या बाजूला येऊन बसलास. मी कापायच्या टेबलावर डोकं ठेवून रडले, लाज नाही वाटली. बाबांनी डोळे मिटले होते. त्यांनी तळवा प्लेअरच्या लाकडावर ठेवला होता, म्हणजे कानांना जे कमी पडेल ते हाताला लागावं. पाय हळूहळू चालायला लागला. मशीनवर कापड नव्हतं, नुसताच पाय. तू मध्ये जिथे थोडं थांबून परत सूर धरतोस, तिथे तेही थांबत होते. त्यांना तू पूर्ण ऐकू येत होतास. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून सांगते, एकही टाका सुटला नाही.

गाणं संपलं. मग तुझा आवाज, आता तुझाच, "बाबा, पालटू का?"

बाबांनी डोळे उघडले नाहीत. तुझ्या स्टुलाकडे मान वळवून म्हणाले, "पालट रे."

मी उठले, रेकॉर्ड पालटली. दुसरी बाजू गुळगुळीत होती. एकही चर नाही, काचेसारखी, त्यात आमची खिडकी दिसत होती. मी ती बाबांच्या हातात दिली. त्यांनी कापडाचा पोत बघावा तसा अंगठा फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"कोरी आहे," म्हणाले.

मी म्हटलं, हो.

"मग लिही त्याला. ही बाजू इथे येऊन वाजव म्हणावं. मला ऐकू येतंय तोवर."

लिहिलं. त्यांनी पत्र माझ्याकडून वाचून घेतलं, हे वाक्य दोनदा. प्लेअरमध्ये जाड पुली आहे आणि बारीक पुली खडूच्या डबीत आहे, तू येशील तेव्हा तुला हवी ती लाव. तुझ्या स्टुलावर कापडाचे गठ्ठे ठेवले होते, ते मी उचलले आहेत.

तुझी,
बॉबिन